चालशे

डबा चावतो, म्हणाल्या खानविलकर वहिनी.
रोज नाही. पाय ओले असले की.
मांजलपूर, तिसरा मजला, दाराआड पत्र्याचा पांढरा डबा,
झाकणावर चिकटवलेला गणपती.
त्याच्या शेजारच्या स्क्रूला टेस्टर टेकवला,
आणि दिवा लागला, मिणमिणता.

खाली मीटरपाशी जाऊन फ्यूज उपसला
नि पँटच्या खिशात ठेवला.
तिथेच ठेवला तर कुणी भला माणूस
"अरे, लाइट गेली" म्हणत परत बसवतो,
आणि वर माझा हात...
हे वाक्य मी केयूरलासुद्धा पूर्ण सांगत नाही.

चार स्क्रू. झाकण.
आत सगळे जागच्या जागी,
गिझरचा, एसीचा, स्वयंपाकघराचा,
शाळेच्या फोटोतल्यासारखे ओळीत बसलेले स्विच,
आणि तो सगळ्यांत हुशार, जरा गळती झाली की पडणारा.
त्याने काहीच पाहिलं नव्हतं. पाहणार कसं?
त्याचा पहारा त्याच्या पुढच्या वायरींवर.
मीटरकडून येऊन डब्यात शिरणारी
ती वीतभर जाड तांबडी वायर
त्याच्या हद्दीत येतच नाही.

भोक अंगठ्याएवढं,
हातोडीने ठोकून पाडलेलं, कानस न लावलेलं.
गिझर लागला की वायर तापते, केसभर सरकते.
बंद झाला की केसभर मागे.
एवढंच. रोज दोनदा.
कडेने आवरण खाल्लं, आणि आत तांबं,
तिळाएवढं, चकचकीत.
अर्थिंग होतं की. पण त्या खड्ड्यात पाणी कोण घालतो?
त्यावर आता कुणाचीशी स्कूटर उभी असते.
म्हणून फ्यूज उडत नव्हता. डबा नुसता चावत होता.

"कुठल्या गाढवाने केलंय हे?" केयूर म्हणाला.
मी झाकण उलटं केलं.
आतून पेन्सिलीने, तिरकं:
द. रा. फणसे, ९-३-१२.

माझा 'फ' असाच पडतो. शेपटी नको तितकी लांब.

त्या दिवसाचं काही आठवत नाही.
रबरी बूश संपले असतील. संध्याकाळ असेल.
बिल्डरचा माणूस जिन्यात किल्ल्या वाजवत असेल,
आणि मी म्हटलं असेल,
घरी जो शब्द आई बोलू द्यायची नाही,
बडोद्याने तोंडात घातलेला तो:
चालशे.

चाललं की. बारा वर्षं चाललं.
वहिनींचा नातू ह्याच डब्याखाली उभं राहायला शिकला,
भिंत धरून.

केयूरने कड घासली, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासली.
मागे ढील होती, ती ओढून
दुखावलेली वीत मी कापून टाकली.
भोकात ग्लँड बसवला, आवळला,
वायरीला गळ्याशी धरून हलवलं. हलली नाही.
खिशातला फ्यूज मांडीला टोचत होता.

किती झाले, वहिनींनी विचारलं.
ग्लँडचे बावीस.
"आणि मजुरी?"
ती आधीच घेतलीय, म्हणालो.
त्यांना काही कळलं नाही. त्यांनी चहा टाकला.

जुन्या तारखेखाली नवी लिहिली, झाकण लावलं,
लाइट आणून टेस्टर पुन्हा टेकवला. अंधार. बरं वाटलं.

जिन्यात केयूर म्हणाला, काका,
तेव्हा असे किती डबे बसवले होते?
ह्या बिल्डिंगमध्ये चोवीस.

तो थांबला. मीही.
मग दुसऱ्या मजल्यावरची पहिली बेल दाबली,
सवयीने, बोटाच्या उलट्या बाजूने.