पडताळणी

दया नव्हती, युरिक ॲसिड होतं.
डॉक्टर सबनीसांनी माझ्या सुजलेल्या अंगठ्यावर
पेन रोखून सांगितलं, मटण बंद, मासळी बंद,
कलेजीचं तर नावसुद्धा नको.
म्हणजे मी कुणा प्राण्याला वाचवायला निघालो नव्हतो.
मी माझा अंगठा वाचवत होतो.

तेवीस वर्षं वजनमापे खात्यात आहे.
गंज पेठेपासून कोंढव्यापर्यंत
खाटकांचे काटे माझ्या शिक्क्यानं चालतात.
शेळी दिसली की डोळा आधी आकडा सांगायचा:
चौदा किलो. मुंडी, पाय, वजडी वेगळी.
चूक झाली तर पावशेराची.
अंकुश घोडके म्हणायचा, साहेब, तुम्ही दुकानच टाका.
मला बरं वाटायचं.

पहिले तीन महिने नुसती भूक.
रविवारी समोरच्या इमारतीतून
कांदा-खोबरं भाजल्याचा वास यायचा
आणि शालन माझ्या ताटात दुधी वाढून
दुसरीकडे बघायची.
चौथ्या की पाचव्या महिन्यात, नक्की सांगता येणार नाही,
घोडक्याच्या दुकानापुढे बांधलेली एक शेळी बघितली
आणि आकडा आला नाही.

थांबलो. परत बघितलं.
फळ्यापुढे उभं राहून पाढा विसरावा तसं.
आकड्याच्या जागी नुसती ती होती.
डाव्या कानाला चीर, पाठीवर हिरव्या रंगाची रेघ,
डोळ्यातली बाहुली आडवी,
टपालपेटीच्या फटीसारखी.
इतक्या वर्षांत, ती बाहुली आडवी असते
हे मला माहीत नव्हतं.
वजन माहीत होतं.

ऑफिसात विचारलं, माळ घातली का?
मेहुण्यानं विचारलं, गुरू केला का?
खालच्या मजल्यावरच्या मेहेंदळेबाई
जिन्यात हसून म्हणाल्या, बरं झालं,
आता तुम्ही आमच्यातले.
याच शहरात, नवीन लग्न झालेलं असताना,
आडनाव ऐकून तीन घरमालकांनी
‘खाता का?’ एवढंच विचारलं होतं.
काय, ते विचारावं लागलं नाही.

वर येऊन शालनला म्हटलं,
मी त्यांच्यातला झालो नाही.
झालोच असेन तर त्या शेळीकडे वीतभर सरकलोय.
ती म्हणाली, हळू बोला.
आणि चपला चामड्याच्याच आहेत तुमच्या.

खरंय. चहातही दूध आहे.
आमच्या खात्यात थोडी चूक नियमात बसते.
ही बसते की नाही, अजून बघितलेलं नाही.

सोसायटीतला पांढऱ्या पायांचा कुत्रा
रविवारी दुपारी अजून दाराशी येतो.
नऊ वर्षं त्याला हाडं घातली,
वाटायचं, माणूस म्हणून आवडतो मी त्याला.
आता पोळी देतो. तो हुंगतो, माझ्याकडे बघतो,
पोळी न खाता तिथंच बसतो.
मीही बसतो. पायरी गार असते.

परवा घोडक्याच्या काट्याची पडताळणी होती.
पाच किलोचं वजन ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.
काटा खरा निघाला. घोडकेही खराच आहे,
त्याच्या पोरीची फी याच काट्यावर निघते.
बाकावर बसून प्रमाणपत्र लिहिलं,
शिक्का वाळेपर्यंत कागद गुडघ्यावर धरला,
तर मागून ओढ लागली.
तिनं कोपरा, माझ्या सहीसकट,
सावकाश चावून खाल्ला.
घोडके सुरी टाकून धावला.
मी म्हटलं, राहू दे.
तिचा ओला ओठ बोटांना लागला,
बोटं तिथंच राहिली.

दुसरं प्रमाणपत्र लिहायला घेतलं.
पहिलं रद्द का, याचा एक रकाना असतो.
बराच वेळ पेन धरून बसलो,
रांगेतली माणसं पिशव्या हलवत उभी.
मग लिहिलं: खाल्ले.
कोणी, याला जागा नव्हती.