आभाळाचा दर

आभाळाचा दर चौरस फुटाला अकरा सेंट.
सोनेरी वेलबुट्टी वेगळी.
चेहरे असतील तर प्रत्येकी दीड डॉलर,
मालकाच्या बायकोसारखा दिसणारा चेहरा फुकट.

हे सगळं बाबांच्या वहीत आहे.
मागच्या पानावर सशाच्या कातड्याचा सरस
किती वेळ भिजवायचा त्याची कृती,
आणि आईच्या दाताच्या डॉक्टरचं बिल.

व्हेंदेलिन ओब्लाक क्लीव्हलंडला आले तेव्हा
खिशात गावच्या चर्चमधल्या देवदूतांची मापं होती.
इथे देवदूत कुणालाच नको होते.
अ‍ॅक्रनच्या मालकाला मूरांचा महाल,
टोलेडोच्या मालकाला व्हेनिस,
तेही ऑक्टोबरच्या आत.
बाबांनी व्हेनिस पाहिलं होतं एकदा,
आगगाडीतून, धुक्यात.
त्यांनी ते धुकंच रंगवलं.
मालक खूश. बारकावे कमी, पैसे कमी.

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावायचं,
असं लोक म्हणतात.
आमच्या घरात तो धंदा होता.
वरचा पाइप गळला की तार यायची,
बाबा शिडीसकट निघायचे.
कोपरापर्यंत ओघळलेला निळा
रविवारच्या शर्टातूनही दिसायचा.

नऊ वर्षांची होते, शुभारंभाला नेलं मला.
दोन हजार माणसं पडद्याकडे बघत होती,
बाबा एकटे वर.
मध्येच माझ्या कानाशी लागून,
"तिसऱ्या कमानीवरचा तो ढग
अजून वाळायचाय."
शेजारच्या बाईनं आम्हाला गप्प केलं.

मग मंदी आली. आभाळं बंद.
बाबांनी इस्पितळाच्या भिंती रंगवल्या,
फिकट हिरव्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"इथं चुकायला जागाच नाही," म्हणायचे.
ती तक्रार होती, हे मला फार उशिरा कळलं.

ओब्लाक म्हणजे आमच्या भाषेत ढग.
सही करायची नाही, असं करारात असायचं.
म्हणून प्रत्येक छतावर एक ढग
वाऱ्याच्या उलटा निघालेला.

टोलेडोत आता गालिच्यांचं गोदाम आहे.
तिथल्या पोरानं काठीनं खोट्या छताची एक फळी सरकवली,
टॉर्च मारला.
चाळीस वर्षांचा सिगारेटचा धूर.
सगळेच ढग इतके काळे
की कोण कुठं चाललंय कळेना.

"गळतं इथं," तो म्हणाला, "बाराही महिने.
सांगायचं तरी कुणाला?"

मी आमचा जुना पत्ता सांगणारच होते.