सर्व बदला?

कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकवून
त्याच्या टेबलावर स्कॅनर मांडला आहे.
मान वाकवून उभा, पायाशी उजेड.
धर्मा मढवी म्हणाला, बगलाच दिसतो हा,
आता मासा कधी टिपतो बघू.

घणसोलीच्या आमच्या वाचनालयात
तीन दिवसांचं प्रशिक्षण.
दिवाळ्याहून दोघी, करावे गावाहून एक,
ऐरोलीचे खोत सर, रिटायर होऊनही आलेले,
आणि शिकवायला समीना तुंगेकर,
वय माझ्या नोकरीपेक्षा दोन वर्षांनी कमी.

पहिल्या दिवशी नावं ठेवायला शिकलो.
फाइलींना.
माणसांना ठेवता येत होतीच.
आधी साल, मग गाव, मग क्रमांक,
मराठी अक्षर नको, मध्ये जागा नको.
सत्तावीस वर्षं मी कार्डावर शाईने लिहिलं,
शीर्षकाखाली पट्टीने रेघ मारली.
आताही रेघ खालीच मारायची,
पण दोन शब्दांच्या मध्ये,
रिकामी जागा बुजवायला.

दुसऱ्या दिवशी प्रती.
एक इथे, एक ठाण्याला, एक ढगात.
खोत सरांनी विचारलं, ढग कुणाच्या मालकीचा?
समीना हसली, मग हसायची थांबली.
म्हणाली, सर, तो भाड्याचा आहे.

तिसऱ्या दिवशी यंत्र वाचायला लागलं.
भूसंपादनाच्या वेळची टाइप केलेली यादी,
कार्बनची तिसरी प्रत, कडा कसरीने खाल्लेल्या.
डावीकडे पानाचं चित्र, उजवीकडे अक्षरं
भराभर, आम्हां कुणालाच जमणार नाहीत अशी.
मी मोठ्याने वाचत होते.
नंबर, नाव, बाजूला जमिनीचा प्रकार:
खाजगी. खाजगी. भातशेती. खाजगी.

धर्मा खिडकी पुसत होता.
पाठमोराच म्हणाला,
"खाजगी नाय गो बाय, खाजन.
खाजन होता ता सगला."

मूळ पान पाहिलं.
'ण'च्या दोन दांड्या, आणि वरून गेलेली घडी.
यंत्राला ती घडी वेलांटी वाटली.
एवढंच झालं होतं.
भरतीचं पाणी जिथे येऊन-जाऊन असायचं,
उघाडीची फळी ज्याची पाळी तो उचलायचा,
निवट्या धरायला जिथे कुणी कुणाला विचारत नसे,
ते सगळं एका घडीत
कुणाचं तरी झालं होतं.

खोत सर म्हणाले, हे पहिल्यांदा नाही हं.
कुणी काही बोललं नाही.
दिवाळ्याच्या नलूने चहा ओतला.

समीनाने दोन कळा दाबल्या.
शब्द एकशे चौदा ठिकाणी सापडला.
पडद्यावर चौकट आली: सर्व बदला?
सोपं होतं. माझं बोट तिथवर गेलंही.
पण काही जमीन खरंच खाजगी होती,
देवळामागची, सुतारांच्या वाडीतली,
विहिरीलगतचे दोन तुकडे.
रागाच्या भरात तीही पाण्याखाली गेली असती.

म्हणून एकेक.
मी वाचायचं, धर्माने डोळे मिटून ऐकायचं.
हा खाजन. हा खाजन, आता मॉलचा पार्किंग.
हा नाय, हा त्यांचाच.
थांब, बापाचं नाव वाच. हां, खाजन.
साडेसहाला ऐंशी झाले.
समीनाची बस गेली, त्यानंतरचीही गेली.

सत्त्याण्णवाव्या नोंदीपाशी पान फाटलेलं.
'खाज' एवढंच शिल्लक,
पुढचं यंत्राने अंदाजाने भरलेलं.
खाज, म्हणून नलू हसली.
धर्मा हसला नाही.
नाव त्याच्या चुलत्याचं होतं.
बराच वेळ फडकं पिळत बसला, कोरडंच.
मग म्हणाला, याच्यावरूनच तं भांडले दोघं भाऊ.
पण काय होतं, ते नाही सांगितलं.

टिपेच्या रकान्यात दोनशे पन्नास अक्षरं मावतात.
मी लिहिलं: पान फाटले आहे.
धर्मा मढवी यांना विचारावे.
पुढे 'लवकर' लिहिलं,
आणि खोडलं.
माझ्या रजिस्टरात खोडलेलं दिसायचं.