गोळीबंद

मुहर्रकच्या आतल्या गल्लीत रोज दोन कढया चढतात.
शेजारच्या दुकानात खायच्या हलव्याची,
आमच्याकडे हातापायांच्या.
उम्म खलील दोन्हीला हलावाच म्हणते.
दुपारपर्यंत वासातही फरक नसतो.
काचेला आतून जाड पडदा,
बाहेर पाटी : फक्त महिला.

पहिल्या दिवशी तिनं साखर, लिंबू, पाणी पुढ्यात ठेवलं
आणि हातवारे करून शिकवू लागली.
मी मराठीतच म्हटलं, बाई, थांब.
एकतारी गेली, दोनतारी गेली,
थंड पाण्याच्या वाटीत थेंब सोडला,
बोटांत गोळी वळली.
ताटलीवर टणकन वाजली असती तर चिक्की झाली असती.
वाजली नाही. उतरवला.
गुहागरच्या चुलीपुढं पाठीत धपाटे खाऊन शिकलेला पाक
इथे दीनारात मोजला जाईल,
हे आईला कळवलं तर ती आधी विचारेल,
कुणाच्या अंगाला फासतेस?

‘ब्रमिला,’ उम्म खलील म्हणाली,
प तिच्या तोंडात बसत नाही,
‘आजपासून बाक तुझा.’

बायका येतात, दरपत्रकापुढं उभ्या राहतात,
सगळ्यांचा प्रश्न एकच : कमी काय दुखतं?
मारिविकचं उत्तर ठरलेलं : शेवटची पट्टी.
मी मात्र नीट सांगते.
डब्यातलं गरम मेण सुलट लावायचं, कापड दाबायचं,
उलट ओढायचं, आणि ओढताना बोलत राहायचं,
सासूबद्दल विचारलेलं उत्तम.
दाण्यांचं मेण महाग, पण काखेला तेच;
आपलं आपण घट्ट होतं, कापड लागत नाही.
थंड पट्ट्या बकाल्यातही मिळतात,
घाईतल्या आणि लाजणाऱ्या बायकांसाठी.
त्या केस मध्येच तोडतात,
मग तुटलेला केस बाहेर यायचं विसरतो, आतच वाढत बसतो.
(असे लोक मी लेबर कॅम्पच्या बसमध्ये पाहिलेत.)
आणि हलावा : उलटा चोळायचा, सुलटा उडवायचा.
केसाला वाटावं, आपणहून निघालो.

ऑगस्टात मात्र हलाव्याचं काही खरं नसतं.
समुद्र भिंतीतून आत येतो, पाक रडतो,
गोळी तळहातावर पसरते, एसी नुसताच धापा टाकतो.
तेव्हा मी मेणच घ्या म्हणते,
उम्म खलील तोंड फिरवते.

अशाच एका ऑगस्टात बदरिया आली, वर्षानं.
पूर्वी दर महिन्याला यायची, न विचारता हात पुढे करायची.
आज दरपत्रक वरून खालपर्यंत वाचलं,
मेणाचा डबा हुंगला, दाणे बोटांवर घेतले,
कापडाचा पोत पाहिला, नवरीसारखी,
आणि म्हणाली, हलावाच.
मी म्हटलं, हवा वाईट आहे.
ती म्हणाली, हलावाच.

बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत फिकट लव,
पिल्लाच्या अंगावर असते तशी,
पूर्वीच्या काळ्या केसांशी ओळख न सांगणारी.
मी दिव्याखाली हात धरला.
आमचं माप साधं : तांदळाच्या दाण्याएवढा केस हवा.
हा अर्धा दाणासुद्धा नव्हता.
कुठल्याच कढईत याच्यासाठी काही नव्हतं.

‘तीन आठवड्यांनी या,’ मी म्हटलं.
ती हसायला लागली, थांबेचना.
‘डॉक्टरही वर्षभर हेच म्हणत होता.
तीन आठवड्यांनी या, तीन आठवड्यांनी या.
पण तू म्हणतेस ते वाढण्यासाठी.’

वहीत तिनं स्वतःच तारीख लिहिली,
पुन्हा गिरवली.
मग टेबलावरची, तिच्यासाठी वळलेली,
कडेनं पाघळू लागलेली गोळी उचलली
आणि तोंडात टाकली.

मारिविक ओरडली. उम्म खलील पडद्याआडून धावत आली.
बदरिया चघळत होती, डोळे मिटून.
‘लिंबू जास्त झालंय,’ म्हणाली.

खरं होतं. त्या दिवशी झालंच होतं.