पट्टा

युलालीबाईंच्या दंडाला मी पट्टा बांधला
सोमवारी, हॉस्पिटलात.
उद्यापर्यंत काढायचा नाही, म्हटलं.
दिवसा अर्ध्या तासाने, रात्री तासाने
आपोआप आवळेल. आवळला की हात सैल सोडायचा,
बोलायचं नाही.
"बोलायचं नाही?" त्या हसल्या.
"बेचाळीस वर्षं दुसरं काय करतेय मी?"

त्या आमच्याच गल्लीत, बारा नंबरला.
ग्रेव्हली हिलच्या उताराला घरं संपतात
आणि खांब सुरू होतात. खांबांवर एम-सिक्स.
त्यांच्या परसातल्या दोरीवर टॉवेल
पांढरे चढतात, करडे उतरतात.
मागची खिडकी त्यांनी रंगाने चिकटू दिली.
मुद्दाम.

मी इचलकरंजीची. आवाजाचं मला काय सांगता.
भिंतीपलीकडे बारा माग, रात्रपाळीलासुद्धा.
त्या खटखटीत मी एकोणतीसचा पाढा पाठ केला.
माग थांबले की आई दचकून उठायची:
वीज गेली, की पट्टा तुटला, की सूतच संपलं?
साठीत बाबांना ऐकू येईना.
तोवर दोघी बहिणींच्या फिया भरून झाल्या होत्या.
सौदा वाईटच,
पण पैसे निदान आमच्याच घरात आले.

मंगळवारी सकाळी गल्लीत आरडाओरडा.
चौदा नंबरच्या गॅरेथची व्हॅन,
तिच्या नाकासमोर एक सायकलवाला पोरगा.
"रस्त्याचे पैसे आम्ही भरतो! आम्ही!"
रस्त्याचा म्हणून वेगळा टॅक्स या देशात
माझे आजोबा शाळेत होते तेव्हाच बंद झाला.
मला माहीत होतं. मी किल्ली शोधत राहिले.

युलालीबाई कचऱ्याची पेटी ओढत आल्या,
झग्याच्या बाहीखाली पट्ट्याचा फुगवटा.
"गॅरेथ, मी जन्मात गाडी चालवली नाही.
इथले खड्डे माझ्या घरपट्टीतून बुजतात.
आणि वरचा तो, त्याला मी हॉस्पिटलच्या चादरी
धुतल्या त्या पगारातून दिले,
किटलीवर दिले, चॉकलेटच्या बिस्किटांवर दिले,
आणि आता रोज रात्री..."

पट्टा आवळायला लागला.
त्यांनी हात सैल सोडला, वाक्यही.
गुर्रर्र, मग टिक टिक टिक.
गॅरेथला काही कळेना, तोही गप्प.
पोराने का कोण जाणे हेल्मेट काढलं.
आम्ही चौघं उभे, कुणाची तिरडी जाताना राहतात तसे.
वर मात्र कुणी थांबलं नाही.

आकडे मी नंतर पाहिले.
झोपेत रक्तदाब उतरतो, उतरायला हवा.
त्यांचा दोनला एकशे एकाहत्तर,
तीनला थोडा कमी, चारला पुन्हा तिथेच.
अहवालात वयाला रकाना आहे, मिठाला, वजनाला,
आईवडिलांच्या आजारांना.
ट्रकला नाही.
डॉक्टरांनी गोळी वाढवली. साठीनंतर गोळ्या फुकट,
म्हणजे तेही कुणीतरी भरतंच. मी भरते. गॅरेथही.

पण ते नंतर. त्या सकाळी चोवीस तास भरले होते,
त्यांनी दारातच पट्टा सोडून माझ्या हाती दिला,
दंडावर लाल वळ.
मी निघाले, हॉस्पिटल दोन जंक्शन पुढे,
रॅम्पवरून वर. काचा बंद.
नवी गाडी इतकी शांत की इंडिकेटर ऐकू येतो.
कठड्यापलीकडे छपरं, त्यांतली त्यांची चिमणी
मी ओळखते, शेजारची माझी.
आईच्या भाषेत याला कानाडोळा म्हणतात,
कान आणि डोळा एकाच शब्दात मिटलेले.
मी पासष्टवर गेले.

शेजारच्या सीटवर पिशवीत
यंत्र बंद करायचं राहिलं होतं.
त्यांच्या घराच्या अगदी वर
पट्टा फुगायला लागला, रिकामाच,
दंड शोधत.

स्टिअरिंगवरचा डावा हात
मी सैल सोडला.