पाणी कुठे मुरतं

कुओपिओच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या शेडमध्ये
तेल्लेर्वो उलट्या होडीच्या पोटावर
नाणं वाजवत फिरते,
जुन्या मार्काचं, आता कुठल्याच दुकानात न चालणारं.
टक्. टक्. टक्.
आणि मग एकदम
ठप्प.
"इथे," ती म्हणते.
भाचा ओत्सो खडूने गोल काढतो.

कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला
गेल्या उन्हाळ्यातच कळलं होतं.
त्र्याहत्तर सालची नारिंगी स्पीडबोट,
पाण्यावर चढायचं नावच घेईना,
नाक आभाळात, शेपूट तळ्यात,
म्हातारी म्हैस उठावी तशी उठायची.
साखळीला टांगून वजन केलं.
कागदावर तीनशे ऐंशी.
काट्यावर पाचशे बारा.
म्हणजे एकशे बत्तीस किलो तळं
ती उराशी धरून हिंडत होती,
कोण जाणे किती वर्षं.

लोणचं मुरलं तर चव येते.
प्लायवूड मुरलं तर
चहात राहून गेलेला टोस्ट होतो.
ओत्सोने तळ कापला तेव्हा बरगड्या
चमच्याने निघाल्या.

तेल्लेर्वोला नवल नव्हतं.
छत्तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेली बाई,
आधी प्लास्टरच्या, मग फायबरच्या पट्ट्या
ओल्या करून गुंडाळणारी.
वरून धडधाकट, आतून भुगा
अशी पुष्कळ माणसं तिने उताणी पाहिली होती.

अडलं ते मागच्या भिंतीपाशी.
इंजिन जिथे लटकतं तिथे
मार्त्तीने अठ्ठ्याऐंशीत लावलेलं ठिगळ.
मार्त्ती, म्हणजे तेव्हाचा नवरा,
आता औलूला असतो.
या ठिगळाची चेष्टा तिने
त्याच्यासमोर सहा वर्षं केली,
आणि तो गेल्यावर
शेजाऱ्यांसमोर.

छिन्नी लावली. सरकली.
हातोडा मारला.
खण्.
अख्ख्या होडीत
एवढंच कोरडं होतं.

ओत्सो म्हणाला, "राहू दे ना मावशी, मजबूत आहे."
ती बराच वेळ दस्ताना काढत, घालत राहिली.
"मजबूत आहे," म्हणाली, "आणि जड आहे."
मग करवत तिने स्वतःच चालवली.
चौदा किलो भरलं.

त्यानंतरचे आठवडे खाजेचे.
काचेची धूळ मानेत, पापणीत, उशीत.
मग नवा फोम आला,
एवढा हलका की ओत्सो उगाच
एका बोटावर तोलत बसला.
आणि कार्बनचं कापड,
चंद्रकळेने हेवा करावा असं काळं.
इपॉक्सी कालवलं की हातात वीस मिनिटं,
त्यात बोलायचं नाही.
बुडबुडा राहता कामा नये,
हे तिच्या अंगठ्याला
तिच्याआधी माहीत होतं.

वरून प्लॅस्टिक ताणलं, पंप लावला,
हवा निघून गेली, कापड अंगाला चिकटलं.
कुठेतरी बारीक सूं.
ओत्सो काटा बघत राहिला.
ती डोळे मिटून कान लावत गेली,
डाव्या कडेला, कोपऱ्याच्या दोन बोटं खाली,
आणि दाबून धरलं.
जून होता. तिकडे जूनमध्ये रात्र
नावापुरतीच येते.
पंपाशेजारी खाट टाकून ती उजेडातच झोपली,
आवाज थांबला तर जाग यावी म्हणून.

दोनशे शहाण्णव किलो.

धक्क्यावरून सोडली तेव्हा
दोघेही गप्प.
होडी पाण्यात बसेना,
पाण्यावर टेकली नुसती.
आणि जुन्या पाणरेषेचा डाग,
शेवाळी, तपकिरी, वर्षानुवर्षांचा,
चार बोटं वर, उघडा.
पूर्वी किती खोल होतो ते
सगळ्या तळ्याला दिसेल असा.

ओत्सोने फडकं काढलं.
"राहू दे," ती म्हणाली.

बेटाला वळसा घालताना थ्रॉटल पुढे लोटला.
पोटातलं पाणी हललं नाही.
हलायला पोटात
पाणी उरलंच नव्हतं.

संध्याकाळी तिने औलूला फोटो पाठवला,
होडीचा नाही, ठिगळाचा.
खाली लिहिलं: कोरडं निघालं.
उत्तर उशिरा आलं: तेव्हा तेवढंच मिळायचं.

शेडचं दार वाऱ्याने आपटतं.
चौदा किलो आता
तिथे लावलेले आहेत.