काय म्हणतात त्याला

वालपाराइसोच्या टेकडीवर, एकशे बारा पायऱ्यांच्या मधोमध
म्हाताऱ्या एलेउतेरियोचं हार्डवेअरचं दुकान आहे.
वेबसाइट करायला गेले, तर त्यानं आधी स्टूल पुढं सरकवलं,
मग विचारलं,
"यास्ना, हे स्टूल तिथं कुठं ठेवशील?"

मी हसले. लॅपटॉपमध्ये सगळं तयार होतं:
फिरती चित्रं, बारीक सोनेरी अक्षरं,
आणि वरून सरकत येणारा एक हातोडा.

शेजारच्या एदुविहेसबाईंचा अंगठा थरथरतो.
त्या खिळे दाबायला गेल्या, कुलपं उघडली,
मग परतीची वाट सापडेना.
"आत कोंडल्यासारखं झालं गं," म्हणाल्या,
आणि गरम बशी द्यावी तसा
फोन घाईनं माझ्या हातात दिला.

हातोडा काढला.

मग तीन दिवस त्या स्टुलावर बसून नुसतं ऐकलं.
वॉशर मागायला कुणीच येत नाही.
"नळाच्या पोटात असतं ना, ते काळं, गोल."
"दार आपटू नये म्हणून लावतात ते हे."
"बायकोनं सांगितलंय, असंच आण,"
तळहातावर गंजका तुकडा,
"असंच, पण जिवंत."
एक पोरगा तर नुसता आवाज काढायचा:
टिप्. टिप्. घर्रर्र.
एलेउतेरियो न वळता हात मागं नेतो
आणि भिंतभर खणांतला नेमका एक ओढतो.

माझ्या शोधपट्टीला मात्र फक्त नावं कळत होती.
ज्याला नाव माहीत आहे
तो इतक्या पायऱ्या कशाला चढेल?

त्या रात्री शब्द भरत बसले.
वॉशरखाली: काळं गोल, टिप् टिप्, नळाचं पोट.
बिजागरीखाली: कुरकुर.
अशुद्ध लिहिणाऱ्यांसाठी मागचं दार उघडं ठेवलं.
बटणं केली अंगठ्याएवढी,
तीही थरथरत्या.
रंग दुकानाच्या दाराचा, पिवळा,
अक्षरं काळी; सोनेरी उन्हात विरघळत होती.

"उघडायची वेळ काय लिहू?"
"सकाळ."
"किती वाजता?"
"वारा बघून."
मग त्याच्या फोनवर दोन बटणं दिली,
शटर वर, शटर खाली.
तिसरं त्यानं हट्टानं मागून घेतलं:
आलोच.

पहिली ऑर्डर जुलैच्या कडाक्यात, एका मंगळवारी.
"काळं गोल, नग एक."
किंमत टेकडीच्या लिफ्टच्या तिकिटाहून कमी.
पत्त्याच्या रकान्यात एदुविहेसबाईंनी लिहिलं होतं:
तुला माहीत आहे. गुडघा कसा आहे?

माझ्या प्रोग्रामनं त्यावर लाल शेरा मारला,
पत्ता अपूर्ण.
एलेउतेरियोनं चष्मा कपाळावर चढवला,
दोनदा वाचलं.
"पूर्ण आहे," म्हणाला.
शेरा मी तिथल्या तिथं पुसला.

वॉशर शर्टाच्या खिशात टाकून, आलोच दाबून
तो पायऱ्या चढू लागला, एका हातानं कठडा धरत.
दोन तास झाले. पडद्यावर अजून आलोच.
चहा झाला असेल, दुसराही झाला असेल.

मी स्टुलावर.
दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं,
हवेत बोटं फिरवली, म्हणालं,
"ते हे आहे का?"

मी न वळता हात मागं नेला,
एक खण ओढला.

खिळे निघाले.